उंबराची नाळ

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात मी दऱ्या काढल्या,
ट्रेसिंगवर, काळ्या शाईनं.
दोन रेषांमध्ये वीस मीटर.
उतार निवांत असला की रेषा सुटसुटीत चालतात,
कडा आला की एकमेकींच्या अंगावर पडतात.
तिथे निब अडायची, शाई फुटायची,
आणि साहेब म्हणायचे, ब्लेडनं खरवडा.
किती कडे खरवडले असतील,
दत्तवाडीहून सायकलवर येऊन, पंख्याखाली बसून.

आता गुडघे साठीचे, आणि हातात तोच शीट,
वेल्ह्याच्या पार टोकाला, केळदच्या पुढे.
धाकलू ढेबेनं नकाशा उलटा धरला,
सरळ केला, पुन्हा उलटा.
"ह्यात उंबर कुठंय?"
उंबर नव्हता.
"मग नाळ कशी घावायची तुमाला?"
आणि न विचारता माझ्या सॅकमध्ये
फडक्यात गाठ मारलेला एक पितळी डबा ठेवला.
"जड न्हाई," म्हणाला.
जड होता.

धारेवर पोचलो तेव्हा ऊन नुकतं कारवीला लागलेलं.
"हितं थुकलं तर अर्धं नीरेला जातं, अर्धं सावित्रीला."
करूनही दाखवलं.
वाऱ्यानं सगळंच माझ्या बाहीवर आलं.

मग उंबर. खरंच, कातळाच्या फटीत रोवलेला,
मुळं दोरासारखी खाली सोडलेली,
किती हातांनी धरून गुळगुळीत झालेली.
त्याच्या बुडातून वाट सुरू होते म्हणे.
वाट कसली, पाण्याची घसरगुंडी,
माघात कोरडी, म्हशीएवढ्या धोंड्यांनी भरलेली.
पाय टाकण्याआधी धाकलू दगडाला काठी मारी:
'टक' वाजला तर ठेवा,
'भद' वाजला तर तो दगड अजून प्रवासात आहे.

दोन्ही कडे इतके जवळ आले
की आभाळ उरलं पट्टीएवढं.
हात लावला. गार, ओलसर.
मी खरवडलेल्या त्या जागेत
मधमाश्यांची सात पोळी होती,
रांजणात अडकलेलं पाणी, पाण्यात एक खेकडा,
वर पाकोळ्यांची ये-जा,
आणि कुणीतरी तासलेल्या चार पायऱ्या.
पाचवी हवी होती तिथे नाहीच.

तिसऱ्या टप्प्यावर माझा गुडघा बोलला. बसलो.
धाकलूनं चंची सोडली,
चुना लावता लावता सांगितलं, सहज:
"बायडी खाली दिलीया. नऊ वरसं झाली.
नवरीला पाठुंगळी घेऊन ह्याच वाटंनं उतरलो.
आता ती येष्टीनं येती. महाड, वरंध, भोर, वेल्हं.
दिस जातो.
मला एकल्याला म्हातारी उतरू देत न्हाई, पडशील म्हणती.
गिऱ्हाईक असलं की मग..."
उरलेलं वाक्य त्यानं पानात गुंडाळून तोंडात टाकलं.

मी सॅकवरून हात फिरवला.
डबा. तूप.
म्हणजे पाचशे रुपये मी द्यायचे,
आणि वर हमालीही माझीच.

खाली नाळ रुंदावली.
बांध दिसले, नाचणीची मोकळी खाचरं, कौलांतून धूर.
धाकलू एका धोंड्यावर चढला, तोंडाशी हात धरून
हाक दिली. नाव नव्हतं तीत, नुसता एक लांब स्वर.
या कड्यानं तो घेतला, त्या कड्याला दिला,
परत यायच्या आत खालून कुत्रं भुंकलं,
मग बाईचा आवाज, रागावलेला:
"एकलाच उतरलास का रं बाबा?"
"न्हाई, सायेब हाय संगं!"
इतक्या अभिमानानं मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं,
निरोपसमारंभातसुद्धा नाही.

रात्री बायडीच्या ओसरीवर शीट उघडला,
पेन्सिलीनं उंबर काढायला.
त्याचं चिन्ह खात्यात नाही,
म्हणून शाळेतल्यासारखं झाडच काढलं.
तिच्या पोरानं वाकून पाहिलं
आणि शेंड्यावर तुपाचं बोट टेकवलं.

उद्या चढायचंय.
डबा आता रिकामाच, म्हणालो, तेवढं बरं.
धाकलू हसला.
"बघा तरी उचलून," म्हणाला.
बायडीनं त्यात तांदूळ भरला होता, काठोकाठ.