आभाळाचं ठिगळ

ऑगस्टात नोटीस येते:
उद्या सकाळी सहा ते दहा घराबाहेर थांबावे,
जनावरे खालच्या कुरणात न्यावीत.
मग ढग नसताना दोनदा गडगडतं
आणि रॉकेटचा मधला तुकडा
आमच्या अल्ताई डोंगरात पलीकडे कुठंतरी पडतो.
कुत्री दिवसभर खाटेखाली.

गेल्या खेपेचा पत्रा मी घोड्यावरून आणला.
एका अंगाला पत्रा, दुसऱ्या अंगाला
तोल राहावा म्हणून पिठाचं पोतं,
तरी घोडा सारखा पिठाकडेच कलत होता.
घरी चुंबक लावलं, ते घसरून पडलं.
ग्राइंडर टेकवला तर ठिणग्या पांढऱ्याशुभ्र,
दूध उतू गेल्यासारख्या.
टायटॅनियम.

चुलतीनं कपाळावर हात मारला.
“विष असतं गं त्याला. बायरूच्या मेंढ्या विसरलीस?”
नव्हते विसरले. नदीपासून लांब नेऊन तीनदा धुतला,
अख्खा हिवाळा बर्फात उघडा ठेवला.
तरी तिची अट:
चुलीला, भांड्याला, पाळण्याला
यातला नखभरही लागता कामा नये.
धूर ओकायच्या नळीला लाव खुशाल.

आमच्या बोलीत तेमिर म्हणजे लोखंड,
आणि तेमिर हेच वडलांचं नाव.
चाळीस वर्षं त्यांनी गावाचं मोडलेलं जोडलं:
गवत कापायची यंत्रं, शाळेची घंटा,
एकदा तर कुणाचा चांदीचा दातसुद्धा.
त्यांच्या इझ मोटारसायकलचा सायलेन्सर
दर वसंतात गंजून चाळणी व्हायचा,
दर वसंतात ते डब्याचा पत्रा गुंडाळून म्हणायचे,
“लोखंड मरतं तेव्हा लाल होतं. लपवत नाही.
हे तुझं चकचकीत,
आत काय चाललंय ते सांगेल तरी का?”

जुन्या कॅलेंडरवर आराखडा काढला.
टू-स्ट्रोकच्या नळीला पोट लागतं:
आधी फुगायचं, मग निमुळतं व्हायचं,
सुगडावर सुगड पालथं ठेवावं तसं.
ओंडक्यावर ठोकून ठोकून दोन शंकू वळवले,
वाकणासाठी अकरा फाका कापल्या.
आणि पहिल्याच टाक्याला आरगॉन संपला.
टाका पांढरा पडला, खडूसारखा,
जरा वाकवला तर खारी मोडावी तसा मोडला.
ज्याला हवेच्या बाहेर जायला घडवलं
त्याला तापल्यावर हवाच बाधते.
वडील काही बोलले नाहीत.
मीठ घातलेला चहा फुंकत बसले.

पाइनच्या बिया विकल्या, दोन पोती.
शहरातून सिलिंडर आणला, ट्रकमध्ये त्याला
आजारी माणसासारखा मांडीवर घेऊन.
या वेळी नळीची दोन्ही तोंडं बांधली,
आतून वायू भरला, बाहेरून वायू सोडला,
आणि टाका उतरला
गव्हाच्या काडीसारखा पिवळा.

म्हणतात, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं?
आमच्याकडे उलटी गत:
आभाळाचंच ठिगळ, भंगार मोटारसायकलला.

खिंडीपर्यंत जाऊन आले.
आवाज पातळ झाला होता, पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा,
मला आवडला नाही. अजून आवडत नाही.
पण वडील वाकून मानेपाशी बघत राहिले.
तिथं रंग चढले होते:
कडेला सोनेरी, मग जांभळा,
एका जागी तर निळा गडद डाग.
त्यांनी त्या डागाजवळ बोट नेलं, टेकवलं नाही.
“इथं फार तापतंय. पेट्रोल कमी पडतंय तिला.”
खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला,
कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
“बोलतं की हे.”

यंदाची नोटीस काल लागली.
आज पहाटे पाचलाच अंगणात फटफट सुरू.
चुलती खिडकीतून ओरडली, कुठं निघालात?
“कुठं नाही. घराबाहेर थांबा म्हटलंय ना,
थांबलोय.”
गाडी जागच्या जागी थरथरत होती,
मान तापत होती, पिवळी,
आणि ते टोपी मागे सारून वर बघत होते,
गिऱ्हाईक उशीर करतंय
अशा चेहऱ्यानं.