लाल ठिपके

फ्रिम्पाँग गेला त्याच आठवड्यात
माझी प्युजो तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायला लागली.
लोक म्हणाले, योगायोग.
मी म्हटलं, बावीस वर्षं एकाच माणसाने हात लावलेला,
धापा टाकेल नाहीतर काय करेल.

कुमासीत, सुआमेच्या मेकॅनिकांच्या वस्तीत
गॅरेजं किती ते मोजायला बसू नका.
शेडला लागून शेड, तेल पिऊन काळी पडलेली जमीन,
दारं नसलेल्या गाड्या, गाडी नसलेली दारं,
आणि जो तो हात पुसत पुढे येतो:
"मावशी, इकडे. पाच मिनिटांचं काम."

पहिल्याने पाच मिनिटांचे तीन दिवस केले.
दुसऱ्याने माझा चांगला अल्टरनेटर काढून घेतला
आणि कुणाचा तरी थकलेला बसवला.
मला ते कळलं मांपोंगच्या चढावर, रात्री दोनला,
मागच्या सीटवर एक बाई कळा देत होती
आणि हेडलाइट मेणबत्तीएवढे झाले होते.
(मुलगी झाली. तिथेच. टॉर्च नवऱ्याने धरला, थरथरत.)

मी सुईण आहे. सहसा ओरडत नाही.
घरी आले, भाचीच्या पर्समधून
नेलपॉलिशची बाटली काढली, भडक लाल,
आणि बोनेट उघडून एकेका भागावर टेकवत गेले:
स्टार्टर, कार्बोरेटर, रेडिएटर,
इंधनाचा पंप, बॅटरीच्या बुडाशी.
अकरा ठिपके. वहीत मांडून ठेवले.
दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात.
मी पाण्यावरही फुंकर मारत होते.

तिसरा आडूसेई.
शेवटची गल्ली, आंब्याखाली, पाटी नाही.
बोलला काहीच नाही.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं,
मूठ कानाला लावली
आणि डोळे मिटले.

मी बघत राहिले.
असाच मी लाकडी कर्णा पोटावर ठेवते,
असंच माझंही तोंड तेव्हा जरा उघडं राहतं,
असंच सगळ्यांनी गप्प बसायचं असतं.
शेजारच्या शेडमधला हातोडासुद्धा, खरं सांगते, थांबला.
(जेवणाची वेळ झाली होती, हेही खरं.)

"पंप," तो म्हणाला. "बाकी म्हातारपण.
त्याला औषध नाही, तेल आहे."

संध्याकाळी जुना पंप त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून
मासळीसारखा माझ्या हातात दिला.
घरी वही काढली, चष्मा लावला.
दहा ठिपके जागच्या जागी.
आणि नव्या पंपावर,
ज्याला मी कधी हातच लावला नव्हता,
अकरावा.
माझा नव्हे. माझे गोल असतात.
हा ऑइलपेंटचा, जाड बोटाचा, थोडा ओघळलेला,
पण बरोबर त्याच जागी, डाव्या कडेला.

म्हणजे त्याने पाहिले होते. सगळे.
काय वाटलं असेल, मी विचारलं नाही,
त्याने सांगितलं नाही.
पुढच्या खेपेला तळलेला याम घेऊन गेले, जरा जास्तच.
तो त्याच्या पोऱ्याने, न्सियाने, एकट्याने फस्त केला.

त्यानंतरच्या सर्व्हिसिंगला ठरवूनच गेले:
उघडून बघायचं नाही.
पैसे दिले, किल्ली घेतली, निघाले.
तिसरा गिअर लोण्यासारखा.
ओफिन्सोच्या रस्त्याला, नवव्या किलोमीटरवर,
एका कंदवालीच्या टपरीमागे
गाडी थांबवली
आणि उघडलंच.

एक, दोन, पाच, नऊ, अकरा.
पुन्हा एकदा, बोट लावून.
"गाडीला काय झालं गं?" टपरीवालीने विचारलं.
"गाडीला?" मी म्हटलं, बोनेट पाडत.
"गाडीला काही नाही."