दाखल-खारिज

पेन्शन अडकली आहे एका 'ए'पाशी.
वैजयंतीतला तो ए ब्रदर सिल्वेस्टरनी
एकाहत्तरच्या जुलैत गाळला,
वर दिघेचं डिगी केलं.
म्हणून आज, एक्कावन्न वर्षांनी,
मी पुन्हा ऑफिसच्या त्याच बाकावर,
ज्याची डावी बाजू तेव्हाही डुगडुगत होती.

मुरारच्या छावणीत, घोड्यांच्या पागेत भरली ही शाळा.
सहावी ब-च्या भिंतीत अजून तीन लोखंडी कड्या आहेत,
रंगाचे थर चढून जाडजूड झालेल्या.
आम्ही त्यांना दप्तरं अडकवायचो.
नाव संत बार्थोलोम्यूचं.
टांगेवाल्यांनी त्याचं 'बाराटोला' केलं.
संत काही बोलले नाहीत.
घंटा म्हणजे छोट्या गाडीच्या रुळाचा तुकडा,
चिंचेला टांगलेला.
फिलिप तिर्की तो असा हाणायचा
की आमचं पाठांतर दातांतून सांडायचं.

हे सगळं प्रेमाचं नव्हतं.
वेत होता. गुडघ्यांवर उभं राहणं होतं.
रेल्वे क्वार्टर्समधल्या आल्बर्टला जास्त बसायचे,
कारण तो 'आपला' होता.
शुक्रवारी तिसऱ्या तासाला वर्ग दुभंगायचा,
ते कॅटेकिझमला, आम्ही नीतिशास्त्राला.
नीती आम्हाला कमी होती म्हणून,
की आमच्यासाठी तेवढीच पुरे म्हणून,
ते कधी कळलं नाही.

आणि टेबलावर तो डबा. बिस्किटांचा, झाकणाला चीर.
हिंदी बोललं तर पाच पैसे.
मराठीला दहा,
कारण ब्रदर मंगळूरचे, घरी कोंकणी बोलणारे.
मराठी त्यांना कळायची, म्हणून ती महाग.

बाबा गेले त्या वर्षी आई आली होती,
नाव काढायला.
नऊवारीचा पदर दातांत धरून
ती दारातच उभी. इंग्रजी येईना, हिंदी सुचेना.
ब्रदर खुर्चीवरून उठले.
म्हणाले, "बाय, तुजें चेडूं हुशार आसा."
मग खिशातून दहा पैसे काढून
डब्यात टाकले.
आम्ही हसलो. आई हसली नाही.
नाव राहिलं.

लिपिक मिंज मॅडम रजिस्टर आणतात,
कापडाची पाठ, वाळवीनं खाल्लेले कोपरे.
त्या वर्षी पहिल्यांदाच मुली घेतल्या होत्या, सात.
छापील रकान्यात 'पुत्र'.
सातही वेळा तो पट्टीनं खोडून
वर बारीक अक्षरात 'कन्या'.
एवढी नेटकी खाडाखोड मी परत पाहिली नाही.

बोट सरकतं. फी.
पहिलं वर्ष, रुपये सहा दरमहा, पावती नंबर.
दुसऱ्यापासून शाई बदलते, आणि पुढे
महिन्यामागून महिना
एकच शब्द: डबा.
डबा. डबा. डबा.

सहा रुपये म्हणजे
एकशेवीस वेळा हिंदी.
किंवा साठ वेळा मराठी, त्यात माझीही असणार,
कारण मी फार बोलायचे.
आल्बर्टच्या शिव्या, रजिया नि सरोजची कुजबुज,
खेळाच्या तासाचा सगळा गलबला
चिरेतून खाली पडत होता
आणि वर माझं इंग्रजी व्याकरण चढत होतं.
कुणी सांगितलं नाही मला.
त्यांना तरी ठाऊक होतं की नाही.

"दुरुस्ती करायची ना?" मिंज मॅडम विचारतात.
म्हटलं, करा, पण खोडू नका.
वरती लिहा. जागा आहे.
शोधशुल्काचे पन्नास घेतले, पावती दिली,
माझं नाव या वेळी बरोबर होतं.

बाहेर रूळ वाजला. मी ताठ झाले,
गुडघे दुखतात तरी.
पोरं सुटली, पोरी जास्तच,
"अबे रुक ना!" "तू चल, मैं आई!"
कुणी ऐकत नव्हतं, कुणी टिपत नव्हतं.
मी पायरीवर उभी राहून मोजू लागले,
पाच, दहा, पंधरा.
साडेसहा रुपयांपर्यंत पोचले,
मग रिक्षा आली.