आवाज तपासायला

शरणू हत्तुरे म्हणाला, मावशी, आवाज तपासायचाय,
एक दोन तीन म्हणा.
राजव्वा वंगारीनं कात्री सुपात ठेवली
आणि सुरू केलं, ओकटी, रेंडु, मूडु...
पाचावर शरणूनं अंगठा दाखवला, बास.
ती थांबली नाही.
पंचवीसपर्यंत गेली, मग श्वास घेतला.
विड्यांचा कट्टा पंचवीसचा असतो.

मी हे नंतर पाहिलं,
कन्ना चौकाच्या अलीकडे, झेरॉक्सवरच्या खोलीत,
पंखा तीनवर, बाहेर त्रेचाळीस.
माझं काम कापायचं.
विचारणारा शरणू, बोलणारे साहेब,
माझं नाव शेवटच्या पट्टीत, वेळ उरला तर.

सदतीस मिनिटं बोलली ती.
पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला.
हजारामागं मिळतं किती,
आणि कारकून चिमटीत धरून बाद करतो किती.
मग एकदम भावजयीच्या मोतीबिंदूकडे वळली,
तिथून मार्कंडेयाच्या रथाकडे,
तिथून मिलच्या भोंग्याकडे,
जो बंद झाल्यापासून नवऱ्याला
सकाळ झालेली कळेना झाली.
मध्येच शरणूलाच विचारलं,
तू कुणाला देणार रे मत?
तो हसला.
ते हसू मी कापलं.

साहेबांचा फोन, नऊच्या चर्चेआधी पाहिजे.
पाणी ठेव. राग ठेव.
भावजय कशाला?
अकरा सेकंद उरली.

नऊ वाजता चार चौकटींत चार माणसं,
खाली लाल पट्टी, पूर्व भागाचा कौल कुणाला?
अकरा सेकंद वाजली
आणि एक प्रवक्ता म्हणाला, ही बाई पढवलेली आहे.
दुसरा म्हणाला, हाच खरा सामान्य आवाज.
तिसरे प्राध्यापक, त्यांचा माइक बंद राहिला,
दोन मिनिटं ते हात हलवून
काहीतरी नीट समजावत होते.
चौथा पुण्याहून, मागं पुस्तकांचं कपाट,
म्हणाला, तेलुगू मतांचं गणित वेगळं असतं.
मी चहा प्यायला खाली उतरलो.

एक सांगायचं राहिलं.
सुरुवातीच्या फुटेजमध्ये राजव्वाचा शब्दच ऐकू येत नाही,
भिंतीपलीकडे माग चालू, टॉवेलचे, खडखड खडखड.
शरणू आत डोकावून म्हणतो,
दोन मिनटं बंद करा की, बाईट घ्यालाव.
आतला पोरगा म्हणतो, नगावर हाय बे आमचं.
तरी करतो बंद, चारी माग.
दोनाची सदतीस झाली.
सबंध मुलाखतीत तो दिसतो, डाव्या कोपऱ्यात,
अर्ध्या दारात, बनियन घामानं पाठीला चिकटलेलं,
एक हात बटणावर.
मोतीबिंदूच्या वेळी तो मान हलवतो.
भोंग्याच्या वेळी खाली बघतो.
त्याला कुणी एक दोन तीन म्हणायला सांगितलं नाही.
कडा छाटताना मी चौकट थोडी आत घेतली
आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी राजव्वाचा फोन, सुनेच्या मोबाइलवरून.
शरणू बाहेर होता, मीच घेतला.
बघितलं का मावशी?
लाईट गेलती.
मग थोडा वेळ नुसता सुपाचा आवाज.
परत यायचं असलं तर, म्हणाली,
त्या मागवाल्या पोराला इचारून या.
त्याचं त्या दिवशीचं गेलं.
त्याचं नाव काय, मी विचारलं.
तिनं सांगितलं, पण खोलीखाली नेमकी
प्रचाराची रिक्षा आली,
आणि पुन्हा विचारेपर्यंत फोन ठेवलेला.

संगणक सकाळपासून सांगतोय, जागा भरली, काहीतरी पुसा.
चर्चा ठेवावी लागते, नियम आहे, तीस दिवस.
कच्चं फुटेज लगेच काढायचं.
मी फाइलवर बोट ठेवून बसलोय.
हेडफोनमध्ये ती एकोणिसावर आलीय.