आकसाची पट्टी

उद्यमबागेत लोखंडाच्या आधी लाकूड लागतं.
पंपाचं पोट, झडपेची मान
मी सागवानात कापतो,
मग ती वाळूत उमटते, मग तापल्या रसात.
माझी फूटपट्टी खोटी आहे,
फुटामागं आठवा भाग इंच जास्त,
कारण बीड थंड होताना आकसतं.

उरल्यासुरल्या तुकड्यांतून चाळीस सोंगट्या केल्या,
पाच कोनांच्या, टोकाकडं निमुळत्या.
जपानी अक्षरं जमेनात,
ओल्या सिमेंटवर कोंबडी चालून गेल्यासारखी दिसतात.
मल्लेशी मुचंडी एक एक उचलून बघत राहिला.
"यातलं तुझं कुठलं, माझं कुठलं? रंगच नाही की."
टोक कुणाकडं रोखलंय ते बघ, म्हटलं.
आणि मेलेली सोंगटी इथं डब्यात जात नाही,
मारणाऱ्याच्या हातात बसते,
मग तोंड फिरवून त्याच्याच बाजूनं उतरते.
तो कन्नडात काहीतरी पुटपुटला.
मला कळलं. ते मराठीत सांगण्यासारखं नाही.

मीच शिकवलं त्याला,
आणि एकोणीस डाव सलग हरलो.

म्हणून कोडी शोधायला लागलो, रात्री, मोबाईलवर.
पहिलं ठिकाण झगमगीत होतं:
रोज एक कोडं, सुटलं की ढोल,
दिवस चुकला की ज्योत विझणार.
सत्तावीस दिवस जपली मी ती ज्योत.
साडूच्या पोराचं लग्न खानापुरात,
अक्षता पडताना मी मांडवामागं,
हंड्यांच्या वाफेत, राजाला कोंडत उभा.
बायको काही बोलली नाही, ताट वाढून दिलं.
जेवताना कळलं, कोडं कुठलं होतं
ते मला आठवतच नाही.

घड्याळवालं तर दोन दिवसांत सोडलं.
बोट पुढं, डोकं मागनं धापा टाकत.

शेवटी एक करडं, रुसलेलं पान सापडलं,
सगळं जपानीत, ना शाबासकी ना इशारा.
एका चालीची मात, तीन चालींची, पाच.
आकडे तेवढे वाचता येत होते.
पाचातल्या एकाशी अकरा दिवस झटलो.
सोनं टाकून बघितलं, घोडा उलटवून बघितला,
राजा दर वेळी उजव्या कडेला सरकायचा
आणि तिथनं माझ्याकडं बघत बसायचा.
प्यादं हातात होतं, पण हातातलं प्यादं टाकून
मात करायची नाही, असा नियम.
लाज वाटते त्यांनाही, बहुतेक.

बाराव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत,
तोच पट लाकडावर मांडायला घेतला.
घर न् घर मोजत खालच्या कोपऱ्यात आलो,
तिथं मोबाईलची काच फुटलेली,
कोळ्याचं जाळं.
नख लावून तिरपं धरलं, तर जाळ्याखाली
भाला. माझा. सरळ वर रोखलेला.
ती अख्खी कड पहिल्या दिवसापासून बंद होती.

आता रोज रात्री एका चालीची दहा,
तीच ती, लाकडावर मांडून.
दिसली पाहिजेत, सुटली नाहीत तरी चालतील.
मल्लेशीला सांगितलं तर म्हणाला,
"मांड की. पण मात आहे म्हणून तिथं आधीच सांगतात.
डावात कोण सांगतंय रे?"
खरं आहे. कोड्यातलं जेवढं डावात उतरतं
ते थंड होताना आकसून उतरतं.
तीनचं एक होतं, पाचाचं दीड.
तेवढं जास्त धरूनच कापायला पाहिजे.

काल विसावा डाव.
सदतिसाव्या चालीला कड बंद दिसली मला,
काच नसताना दिसली,
आणि त्याच आनंदात एका रांगेत
दोन प्यादी टाकून बसलो. तिथल्या तिथं हार.
मल्लेशीनं सोंगट्या पिशवीत भरल्या,
चहाचे पैसे माझ्यापुढं सरकवले.
"काच बदल की आधी," म्हणाला.