शेरा

देवगडच्या वाचनालयात, मागच्या कपाटात,
जिथं खाऱ्या वाऱ्यानं बिजागऱ्या खाल्ल्यात,
मोंडकरांच्या अकरा वह्या आहेत.
बंदरखात्याच्या, कोऱ्या उरलेल्या, लाल रेघांच्या.
रकाने छापील: तारीख, आवक, जावक, शेरा.

मीठ, कौलं, चुना, सुकं म्हावरं
यांच्यासाठी आखलेल्या रकान्यांत
अनाजी मोंडकर, कारकून, यांनी
चाळीस वर्षं माणसं भरली.

कृष्णा सारंग, तांडेल. आवक १८९१.
जावक: एक आडवी रेघ.
शेरा: गलबतात कौलं होती.
मंगळूर सोडल्याचं कळलं.
पोचल्याचं कळलं नाही.

द्वारका खवणेकरीण, सुईण. आवक ठाऊक नाही.
जावक १९४८, माघ.
शेरा: हिच्या हातून आवक तीनशे बारा,
त्यात प्रस्तुत लेखक.

होड्यांची शर्यत, नारळी पौर्णिमा, १९५६.
पहिली आली, दुसरी आली.
तिसरीला वाटेत पेडव्यांचा थवा लागला,
ती जाळं टाकून बसली.
(इथं मोंडकरांनी निकालाखाली
दोनदा रेघ ओढलीय. बहुतेक हसत.)

आणि सहाव्या वहीत, पान चौऱ्याऐंशी:
हुतुतू, अंतिम सामना, फाल्गुन १९६२.
तारा विरुद्ध सडा. गुण तेवीस, तेवीस.
शेवटची चढाई लवू घाडी, सडा.
पाय धरला पांडू कुबल, तारा.
निकाल: कोरा.
शेरा: बत्ती गेली.

लवू सोमवारी यायचा. पांडू गुरुवारी.
एकमेकांच्या वाराला कधी नाही.
'वाच गो बाय.'
मी वाचायची. बत्ती गेली.
'फुडे?'
पुढं काही नाही.
'आमीच जिकलंव ता.'
आणि काठी टेकत दोघंही, आपापल्या वारी,
जिंकून घरी जायचे.

एकदा ते पान मी खिडकीशी धरलं.
कोपऱ्यात बारीक अक्षर: रेषेवर पंच, अ. मोंडकर.
म्हणजे अंधार पडला तेव्हा
ते दोन हातांवर उभे होते.
कोऱ्या रकान्यात पेन्सिलीची दोन अक्षरं होती,
मागून खोडलेली.
दुसरं 'रा' की 'डा',
खोडरबरानं कागदच सोललाय.

अकराव्या वहीच्या शेवटी त्यांची स्वतःची ओळ.
आवक १९०९.
जावक भरायला कोणी नव्हतं.
मी नगरपंचायतीतून तारीख आणून भरली.
शेऱ्यापाशी पेन सुकेपर्यंत धरलं,
मग टोपण लावलं.

या आषाढात लवू गेला.
त्याचीही ओळ केली, आवक, जावक.
पांडू कुबल आता सोमवारीही येतो.
लवूच्या खुर्चीत बसतो, पंखा लाव म्हणतो.
'वाच गो बाय.'
बत्ती गेली.
'फुडे' विचारत नाही.
बंदराकडं बघत राहतो,
बर्फाची गाडी मागं घेतायत,
कोणीतरी ओरडतंय, हाण, हाण, थांब.

'माका म्हायत आसा,' म्हणतो,
'कोण जिकलो ता.'
मी वही उघडी ठेवते. पेन पुढं करते.
तो चष्मा काढून खिशात घालतो.