लाकडी उतार

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
आमच्या ऑफिसाला पायरीच नाही.
होत्या तीन. त्या काढून लाकडी उतार केला,
कारण येणारा माणूस दुसऱ्या पायरीवर बसायचा,
आणि बसलेला कधी कधी
तसाच उठून घरी जायचा.

मी नेवा. फोन, किल्ल्या, कॉफीचं यंत्र माझ्याकडे.
पूर्व केंटकीतल्या या खोऱ्यात
ऊन दहाला पोचतं
आणि तीनला डोंगराआड निघून जातं.
वकील त्यामानानं बरेच टिकतात, दोन वर्षं.
फेलोशिप तेवढीच असते.

नऊ पाहिले आजवर.
एकानं सायकल आणली होती, या चढावांत.
एक जण पहिल्याच दिवशी म्हणाला,
आपण व्यवस्था बदलू.
मी त्याला दाखवलं, प्रिंटरमध्ये कागद कुठे अडकतो.
प्रिस्किला गाडीत बसून रडायची,
मग तोंड धुऊन आत यायची
आणि समोरच्या चार वकिलांना घाम फोडायची.
जाताना सगळे मला मिठी मारतात,
नाताळला कार्डं पाठवतात मोठ्या शहरांतून,
आणि मागं ठेवून जातात
व्हर्लिन स्टिडमची फाईल.

तिच्यात आधी निळं, तिरकं अक्षर,
मग पेन्सिलीतलं,
मग कुणाच्या तरी पिवळ्या चिठ्ठ्या, डिंक सुकलेल्या.
आता थियाचं, मुंगीएवढं,
जणू कागदाचे पैसे
तिच्या पगारातून जातात.

एकतीस वर्षं खाणीच्या छताला बोल्ट मारले व्हर्लिननं.
कंपनीच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरला
आणि लिहिलं: सिगारेट.
व्हर्लिननं जन्मात सिगारेट ओढली नव्हती.
"तंबाखू चघळायचो," तो म्हणाला,
"ती फुफ्फुसात उतरते
हे मला कुणी
सांगितलं नव्हतं."
एवढं बोलायला तो तीनदा थांबला.
थियाही थांबली, तिन्ही वेळा.
आधीच्यांतले काही जण
त्याचं वाक्य त्याच्यासाठी पुरं करून टाकायचे.

वॉशिंग्टनहून पत्र आलं: प्रकरण विचाराधीन आहे,
थोडा दम धरावा.

दमच तर नव्हता.

मार्चमध्ये तो गेला. सुनावणी मे महिन्यात.
आर्डिथ उतारावरून आली, कठड्याला न धरता.
"आता फाईल बंद करायची ना?"
थियानं सांत्वनाचं काहीच म्हटलं नाही.
मला राग आला होता तिचा, खोटं कशाला बोलू.
तिनं खण उघडला, दुसरा अर्ज काढला,
विधवेचा,
आणि पेनाचं टोपण काढून आर्डिथसमोर ठेवलं.

आर्डिथनं पर्स उघडली.
आत घडी केलेला उशीचा अभ्रा.
पांढरा, धुतलेला, इस्त्री केलेला,
आणि मधोमध
न निघालेला करडा डाग,
तोंडाएवढा.
"हे चालतं का कोर्टात?"

चालतं की नाही, ते अजून कळलेलं नाही.
मे महिन्यात न्यायाधीशांनी तो हातात घेतला
आणि बराच वेळ खाली ठेवला नाही,
एवढं मी मागच्या बाकावरून पाहिलं.
कंपनीनं आणखी नव्वद दिवस मागून घेतले.
थियाची दोन वर्षं ऑगस्टमध्ये भरली.

सोमवारी दहावा येतोय, ओरेगनहून.
उताराची एक फळी हलत होती,
तिला मी दोन खिळे मारून ठेवलेत.
सायकल आणू नकोस, असं कळवलंय.

काल फाईल उघडली.
पहिल्याच पानावर थियाचं अक्षर,
या वेळी मोठं,
चष्मा नसला तरी दिसेल असं:

"आर्डिथला दुपारी फोन करा.
सकाळी ती कोंबड्यांत असते.
वाजू द्या बराच वेळ. ती येते."